‘मागच्या जन्मी मी इथेच पडलो’: सूचनेतून उभी राहिलेली एक ओळख

(ओळख पटू नये म्हणून नाव, वय, नोकरी आणि घरचे तपशील बदलले आहेत. मिळत्याजुळत्या प्रकरणांतल्या काही गोष्टीही यात मिसळल्या आहेत.)

पार्श्वभूमी

प्रशांत सत्तावीस वर्षांचा. सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा. घरात तेलुगू, बाहेर मराठी. बारावीनंतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागला आणि सात वर्षांत जॉबर झाला. बारा मागांची जबाबदारी त्याच्याकडे होती. कामात हुशार, बोलायला कमी.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. त्या रात्री प्रशांत पाळीवर होता, घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पुढच्या वर्षी ठरलेलं लग्न मोडलं. झोप तीन-चार तासांवर आली, उजवा खांदा दुखायला लागला. डॉक्टरांनी खांद्यासाठी गोळ्या आणि व्यायाम दिला. झोपेबद्दल कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. एका मित्राने ‘संमोहनाने झोप येते’ म्हणून एका गृहस्थाचं नाव सुचवलं. या गृहस्थाकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी नव्हती. भाड्याची एक खोली, आरामखुर्ची, दर बैठकीचे दोन हजार रुपये.

पहिल्या दोन बैठकांत फक्त शरीर सैल सोडणं आणि श्वासावर लक्ष देणं होतं. प्रशांतला खरंच झोप लागली. या प्रकरणात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. फायदा झाला तो स्नायू सैल झाल्याने, पण श्रेय गेलं त्या माणसाच्या शक्तीला. तिसऱ्या बैठकीत तो जे काही बोलला, ते याच विश्वासावर आत गेलं.

तिसऱ्या बैठकीत खांद्यावरच्या जन्मखुणेचा विषय निघाला. दहा रुपयांच्या नाण्याएवढा काळसर डाग. तिथून ‘मागच्या जन्मात’ जाणं सुरू झालं. पाचवी बैठक संपली तेव्हा प्रशांतची खात्री झाली होती की तो मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांच्या गोळीने मेलेला गिरणी कामगार आहे.

अडचण

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोठा भाऊ त्याला समुपदेशन केंद्रात घेऊन आला. तोवर दीड महिना प्रशांत कामावर गेला नव्हता. ‘मशीन ही त्यांची गुलामी आहे’ असं म्हणायचा. आधार कार्डावरचं नाव बदलायला अर्ज लिहून ठेवला होता. भावाला ‘अण्णा’ म्हणणं बंद झालं होतं. ‘तू या जन्माचा नातेवाईक’ असं त्याला तोंडावर सांगितलं होतं.

घरात दोन तट पडले. अम्माला वाटत होतं की देवानेच मोठा जीव पोटी घातला. गल्लीतल्या दोन-तीन बायका त्याच्या पाया पडून गेल्या. पोरं ‘हुतात्मा’ म्हणून हाक मारायची, काही चेष्टेने, काही खरंच. भाऊ चिडायचा, ‘नाटकं बंद कर’ म्हणायचा. नीट पाहिलं तर संमोहन करणाऱ्याचं काम पाच बैठकांतच संपलं होतं. ती ओळख रोज नव्याने पक्की करत होते ते घर आणि गल्ली: एक बाजू पाया पडून, दुसरी बाजू वाद घालून. वाद घातला की माणूस स्वतःच्या बाजूचे पुरावे गोळा करतो, आणि गोळा करता करता त्याची खात्री वाढते.

भेटीत एक वाक्य आलं, त्याने सगळा क्रम बदलला. ‘बारा जानेवारीला अर्धवट राहिलेलं काम पुरं करणार आहे.’ सोलापूरच्या चार हुतात्म्यांना, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना, १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. त्या दिवशी दरवर्षी शहरात अभिवादन होतं. ‘काम पुरं करणार’ म्हणजे नेमकं काय?

आधी काय तपासलं

घरच्यांचं म्हणणं होतं, ‘आता गड्डा जवळ आलाय, यात्रा झाली की बघू.’ ते मान्य केलं नाही. गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. ती जानेवारीच्या मध्याला, बारा तारीख त्याच्या आधी. धोक्याची विचारपूस त्याच दिवशी झाली आणि ती सरळ शब्दांत झाली: मरायचे विचार येतात का, कसं करायचं ठरवलंय का, साधन जवळ आहे का, याआधी प्रयत्न केलाय का. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती निराधार आहे. मोघम विचारलं तर उत्तरही मोघम मिळतं, एवढंच होतं. प्रशांतने सांगितलं की मरायची इच्छा नाही, पण ‘तिथे काहीतरी होईल आणि मी परत येणार नाही’ असं वाटतं. साधन नव्हतं, योजना नव्हती. तरीही भावाचा नंबर, एका मित्राचा नंबर आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ एका कागदावर लिहून त्याच्या खिशात दिला.

दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे चार गोष्टी पाहिल्या. आवाज ऐकू येतात का, आपले विचार कोणी घालतंय असं वाटतं का: नाही. झोप कमी असूनही अंगात प्रचंड उत्साह, खर्चिकपणा, भरभर बोलणं: नाही, उलट थकवा होता. फिट किंवा भान हरपल्याचे झटके: नाही. दारू, गांजा: नाही. निष्कर्ष निघाला की हा मनोविकारी भ्रम नाही. मध्यम स्वरूपाचं नैराश्य आणि शोक आहे, आणि त्यावर एक घट्ट धरलेली कल्पना बसली आहे.

हा फरक करणं सोपं नसतं. पुनर्जन्म मानणं आपल्याकडे सर्वसाधारण आहे, तेवढ्यावरून कोणाला आजारी ठरवता येत नाही. पाहायचं ते असं: त्या माणसाच्या समाजातल्या लोकांनाही हे पटण्यासारखं वाटतं का? शंका आली तर तो तिच्यावर विचार करू शकतो का? प्रशांत करू शकत होता. ‘शंभरपैकी किती खात्री?’ असं विचारल्यावर तो थांबला आणि ‘पंचाण्णव’ म्हणाला. ते उरलेले पाच पुढच्या सगळ्या कामाला पुरले.

पर्याय

पहिला पर्याय भावाचा: रागावून, पुरावे दाखवून खोटं पाडायचं. तो घरात दोन महिने करून झाला होता आणि उलटला होता.

दुसरा, औषध. नैराश्यासाठी गोळी सुरू करायचं ठरलं. ‘कल्पना घालवण्यासाठी’ भ्रमावरची गोळी मात्र नको, असं मनोविकारतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं. नसलेल्या आजारावर दिलेल्या औषधातूनही ‘मी वेडा आहे’ ही आणखी एक ओळख चिकटते.

तिसरा पर्याय अम्माच्या एका नातेवाइकाने आणला होता: दुसऱ्या संमोहनवाल्याकडे नेऊन ‘त्या आत्म्याला मुक्त’ करायचं. हा पर्याय गोड वाटतो, कारण त्यात कोणाशी भांडावं लागत नाही. पण ज्या दाराने कल्पना आत आली तेच दार पुन्हा उघडायचं. शिवाय आत्मा मुक्त करायचा तर आधी तो होता हे मान्य करावं लागतं. तो नाकारला.

चौथा, जो घेतला: पुनर्जन्म असतो की नाही या प्रश्नाला हातच लावायचा नाही. तो त्याच्या श्रद्धेचा भाग. प्रश्न एवढाच ठेवायचा: ‘ही विशिष्ट आठवण कुठून आली?’ आणि उत्तर त्याने शोधायचं.

संमोहन करणाऱ्याविरुद्ध तक्रार करावी का, हाही विषय निघाला. भावाची तयारी होती, प्रशांतची नव्हती. त्याच्या मनाविरुद्ध तक्रार झाली असती तर तो त्या माणसाच्या बाजूने उभा राहिला असता. निर्णय पुढे ढकलला.

काय केलं

पहिले तीन आठवडे ‘त्या जन्मा’बद्दल कोणी बोललंच नाही. झोप आणि घर, एवढंच. झोपेची ठरलेली वेळ, दुपारी झोपणं बंद, सकाळी अर्धा तास चालणं, खांद्याचा व्यायाम. अंग सैल सोडण्याचा सराव केंद्रात शिकवला, डोळे उघडे ठेवून आणि कारण समजावून. हेतू असा की झोप लागण्याचं श्रेय त्या माणसाकडून काढून प्रशांतच्या स्वतःच्या शरीराकडे यावं.

घरच्यांना तीन सूचना होत्या. पाया पडायला येणाऱ्यांना दारातूनच चहा पाजून परत पाठवायचं. वाद नाही, चेष्टा नाही. हाक मारायची ती लहानपणीच्या घरगुती नावाने, जे दोन्ही बाजूंच्या भांडणात कुठेच नव्हतं. अम्माला हे जड गेलं. ‘मग मी त्याला खोटा म्हणू?’ असं तिने विचारलं. तिला सांगितलं की खोटा म्हणायचं नाही, खरा म्हणायचं नाही, जेवायला बोलवायचं.

मग ध्वनिमुद्रणं. पाचपैकी तीन बैठका प्रशांतच्या फोनवर होत्या. तो त्या रोज रात्री कानाला लावून झोपायचा, आणि ही गोष्ट चौथ्या भेटीपर्यंत कोणाला कळली नव्हती. म्हणजे सूचना रोज नव्याने दिली जात होती, तीही झोपेच्या उंबरठ्यावर. त्याला ऐकणं बंद कर असं सांगितलं नाही. ‘आपण हे कागदावर उतरवू’ असं सुचवलं. दोन तास दहा मिनिटांचं बोलणं शब्दशः टाइप झालं. त्यातला एक तुकडा असा:

‘तुमच्या सोलापुरात मार्शल लॉ लागला होता ना, त्या काळात जा. गर्दी दिसते?’
‘… हो.’
‘घोषणा ऐकू येतात?’
‘हो.’
‘सोल्जर कुठल्या बाजूला आहेत?’
‘डावीकडे.’
‘खांद्यावर काय झालं? नीट आठव.’
‘… दुखतंय.’
‘गोळी लागली ना?’
‘हो. गोळी.’

काळ, गाव, गर्दी, घोषणा, शिपाई, गोळी: सगळं विचारणाऱ्याने आधी आणलं. प्रशांतने स्वतःहून दिलेली माहिती एवढीच: ‘डावीकडे’ आणि ‘दुखतंय’. आणि खांदा तर खरोखरच दुखत होता.

प्रशांतच्या हातात दोन पेन दिली. जी गोष्ट आधी त्या माणसाच्या तोंडून आली ती लाल, जी आधी आपल्या तोंडून आली ती निळी. हे काम त्याने दोन भेटींत स्वतः केलं, समुपदेशक शेजारी गप्प बसून होत्या. चाळीस प्रश्नांपैकी सव्वीस लाल निघाले. सूचनक्षमतेच्या, म्हणजे माणूस दुसऱ्याच्या सूचनेला किती बळी पडतो याच्या, चाचण्यांत दोन गोष्टी मोजतात: सूचक प्रश्नाला होकार देणं, आणि ‘पुन्हा नीट आठव’ असा दाब आला की उत्तर बदलणं. मानसशास्त्रज्ञ गिस्ली गुड्यॉनसन यांनी १९८४ मध्ये याच धर्तीवर मोजपट्टी मांडली, ती पोलिसी जबाबांसाठी. इथे ती चाचणी दिली नाही, फक्त तिचा चष्मा वापरला. दोन्ही खुणा त्या कागदांवर उघड होत्या.

त्यानंतर निळ्या ओळी. निळ्यातलं एक वाक्य उठून दिसत होतं: ‘मातृभूमीसाठी प्राणांची आहुती देण्यास आम्ही सिद्ध आहोत.’ घरात तेलुगू बोलणारा, कारखान्यात सोलापुरी बोलणारा हा मुलगा संमोहनात वक्तृत्व स्पर्धेची मराठी बोलत होता. भावाने माळ्यावरचं ट्रंक उघडलं. सातवीची वही निघाली. त्यात बारा जानेवारीच्या भाषणाचा मजकूर होता आणि हे वाक्य शब्द न् शब्द, खाली पेन्सिलने रेघ मारलेलं. बाईंनी ‘इथे आवाज चढव’ असं समासात लिहिलं होतं.

मजकूर लक्षात राहतो, तो कुठे वाचला ते पुसलं जातं. मग तो स्वतःचा अनुभव वाटू लागतो. संमोहनात आठवणींची संख्या वाढते, त्यांच्याबद्दलची खात्रीही वाढते, अचूकपणा मात्र त्या मानाने वाढत नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच पाहिलं. मागच्या जन्मी तुम्ही कोण असाल याचा जो इशारा आधी दिला, तशाच व्यक्ती लोकांनी संमोहनात ‘आठवल्या’. इतिहासाच्या साध्या प्रश्नांवर त्या अडखळल्या. एकाने स्वतःचं साल ‘इसवी सनपूर्व ५०’ सांगितलं, आणि त्या काळातल्या कोणालाच ते साल तसं मोजता येणं शक्य नाही.

प्रशांतच्या बाबतीत असाच सांधा सापडला, आणि तो त्यानेच शोधला. एका लांब कागदी पट्टीवर आठवणी तारखांनुसार मांडायच्या होत्या. ‘गोळी लागून मेलो’ हे त्याने मे १९३० वर लिहिलं. पुढे ‘पुतळ्यांच्या चौकात चौघांना फाशी देताना पाहिलं’ ही आठवण आली. तिची तारीख त्याला पाठ होती. पेन जानेवारी १९३१ वर आलं आणि तिथेच थांबलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘पण मी तर मे मध्येच मेलो होतो.’ मग आणखी थोड्या वेळाने: ‘आणि फाशी येरवड्यात झाली. वहीत लिहिलंय.’ ज्या जागी आज पुतळे आहेत, ती जागा मनाने फाशीची करून टाकली होती. त्या दिवशी खात्रीचा आकडा साठवर आला.

एक चूक

पुढच्याच भेटीत समुपदेशकांनी विचारलं, ‘लहानपणी आजोबांनी त्या काळच्या गोष्टी सांगितल्या होत्या का?’ हेतू चांगला होता, आणखी एक स्रोत शोधायचा होता. प्रशांत क्षणभर थांबला आणि ‘हो, सांगायचे’ म्हणाला. आठवड्याभरात ती आठवण भरली: ओसरी, कंदील, आजोबांचा खोकला. घरी विचारलं तर आत्या म्हणाली, ‘आजोबा याच्या जन्माआधीच गेले.’

दुसरी खोटी आठवण तयार झाली होती आणि या वेळी ती केंद्रातच तयार झाली होती. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांनी १९९५ मध्ये दाखवलं होतं की घरच्यांनी सांगितलेली म्हणून लहानपणी दुकानात हरवल्याची बनावट गोष्ट दिली, तर २४ पैकी ६ जणांना ती पूर्ण किंवा अंशतः खरी वाटू लागली. हे माहीत असणाऱ्यांच्या हातूनच ही चूक घडली. प्रशांतला सगळं सांगितलं: प्रश्न चुकला, आठवण प्रश्नातून आली. तो भडकला. ‘मग तुम्ही आणि तो माणूस यात फरक काय?’ आकडा पंचाहत्तरवर गेला आणि एक भेट त्याने चुकवली.

पण परत आला तेव्हा त्याने स्वतःच आजोबांची आठवण लाल पेनाने लिहून आणली होती. ही पद्धत त्याची झाली ती इथे.

बारा जानेवारी

त्या दिवशी त्याला घरी अडवावं असं भावाचं मत होतं. अडवलं असतं तर तारखेचं वजन वाढलं असतं, शिवाय अभिवादन करायला जाण्यात गैर काहीच नव्हतं. ठरलं ते असं: सकाळी, भावाबरोबर, हार घालायचा, पाऊण तासात परत, दुपारी केंद्रात फोन. आदल्या रात्री आणि त्या रात्री घरात कोणीतरी त्याच्या खोलीत झोपणार. काहीच झालं नाही. फोनवर तो म्हणाला, ‘खूप गर्दी होती. शाळेची पोरं भाषणं करत होती.’

परिणाम

आठ महिन्यांत चौदा भेटी झाल्या. शेवटच्या भेटीत खात्री तीसवर होती, शून्यावर नाही. ‘असेलही, पण त्यावरून मी काही ठरवणार नाही’ असं त्याचं म्हणणं. मार्चपासून तो कामावर आहे, आधी अर्धी पाळी, मग पूर्ण. रात्रपाळी घेत नाही. झोप सहा तासांवर आली. नावबदलाचा अर्ज त्याने स्वतः फाडला. भावाशी बोलणं सुरू झालं, पण ‘या जन्माचा नातेवाईक’ हे वाक्य भाऊ विसरलेला नाही. अम्माला अजूनही वाटतं की पोराचं काहीतरी हिरावून घेतलं. तक्रार शेवटी झालीच नाही.

वडिलांच्या मृत्यूच्या वेळी जवळ नसणं आणि ‘अर्धवट राहिलेलं काम’ यांचा धागा टीमला पहिल्या महिन्यातच दिसला होता. तो प्रशांतला सांगितला नाही. सांगितला असता तर तो त्याने ताबडतोब मान्य केला असता, आणि तीही एक सूचनाच ठरली असती. मे महिन्यात वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर तो स्वतः म्हणाला, ‘मी त्या रात्री माग बंद करून निघायला हवं होतं.’ त्यावर दोन भेटी झाल्या. तो धागा त्याने जोडला की नाही, हे विचारलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

ध्वनिमुद्रणांबद्दल पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. संमोहन, ध्यान शिबिर, भविष्य सांगणारा, यूट्यूबवरची ‘पूर्वजन्म’ ध्वनिफीत: यांपैकी काही अजून ऐकता का, किती वेळा, झोपताना का, हे प्रश्न आता पहिल्या अर्जातच आहेत. तीन आठवडे एका बाजूने झोप सुधारत होतो आणि दुसऱ्या बाजूने तीच फीत रोज रात्री वाजत होती.

अम्माशी स्वतंत्र भेट उशिरा झाली. तिच्यासाठी मुलाची ही ओळख म्हणजे नवरा गेल्यानंतर घरात आलेला पहिला मान होता. तिला फक्त सूचना दिल्या, तिचं दुःख ऐकलं ते फेब्रुवारीत. पहिल्या पंधरवड्यात ऐकलं असतं तर गल्लीतल्या बायकांना दारातून परत पाठवणं तिला कदाचित इतकं जड गेलं नसतं.

आणि प्रश्नांचे शब्द. ‘आजोबांनी सांगितलं होतं का?’ याऐवजी ‘हे आधी कुठे पाहिलं, वाचलं, ऐकलं असं काही आठवतं का? नसेल तर नाही म्हटलं तरी चालेल’ असं विचारता येतं. यातलं दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. शांत, आज्ञाधारक, मोठ्यांना ‘नाही’ म्हणायची सवय नसलेल्या माणसाला ‘आठवत नाही’ हे उत्तर चालतं, हे दर वेळी मोठ्याने सांगावं लागतं. प्रशांतच्या तीन ध्वनिमुद्रणांत ‘आठवत नाही’ हे शब्द एकदाही आलेले नाहीत. शेवटच्या भेटीत ते सात वेळा आले.